गाण्यामागे किती कागद

तो माणूस पहिल्या दिवशी छपाईच्या ट्रेडलसमोर उभा राहिला, पायडलवर पाय ठेवला आणि गायला लागला. माझ्या मनात आलं, याला आप्पांनीच गायला सांगितलेलं आहे.

आप्पा आमच्या छापखान्याचे मालक. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात धुतलेला पांढरा सदरा, आणि काचेच्या केबिनमध्ये बसून बाहेरच्या प्रत्येक हालचालीवर नजर. छापखाना लातूरच्या बाजारामागच्या एका गल्लीत होता. समोर डाळ मिल, त्यामुळे आमच्या कागदांवर नेहमी पिवळसर धूळ बसलेली असायची. मी तिथे कंपोझिटर होतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, जुळलेल्या ओळींची गॅली बांधायची, प्रूफ काढायचं, दुरुस्त करायचं. ट्रेडलवरचा आधीचा मशीनमन सोलापूरला निघून गेला होता आणि त्याच्या जागी हा आला होता, कंधारकडचा, पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावलेला. पहिल्या तासातच सगळे त्याला चाचा म्हणायला लागले. मी सोडून.

जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ जुनाच होता, त्या वर्षी जरा जास्त. दोघांनाही कागद लागत होता. तहसिलींतून, पंचायत समित्यांतून, शाळांतून जुन्या जिल्ह्याच्या नावाचे छापील फॉर्म गड्ड्या गड्ड्यांनी पडून होते. ते टाकून द्यायचे नाहीत, असा वरून हुकूम. मग ते आमच्याकडे यायचे. आम्ही जुन्या नावावर काळी जाड रेघ मारायचो आणि शेजारी ‘लातूर’ छापायचो. दिवसभर तेच. टँकर मागणीचा नमुना, विहीर अधिग्रहणाचा नमुना, रोजगार हमीचं हजेरीपत्रक. रेघ आणि लातूर, रेघ आणि लातूर.

ट्रेडल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जबड्यासारखं मशीन असतं. उघडतं, मिटतं. उघडलं की उजव्या हाताने कोरा कागद आत ठेवायचा, डाव्या हाताने छापलेला काढायचा आणि मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. वीज असली तर पट्ट्यावर चालतं, नसली तर पायाने हाकायचं. वीज त्या वर्षी नसायचीच. हात एक ठोका चुकला की जबडा बोट धरतो. आमच्या गल्लीतल्या जुन्या मशीनमनांपैकी दहाही बोटं धड असलेला एकही मला आठवत नाही.

चाचा एका महिन्याच्या बोलीवर आला होता. महिनाभर काम बघायचं, पटलं तर कायम, नाही तर परत कंधार. हे त्याने पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाइंडिंगच्या मावशीला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. गावातली विहीर तळाला गेली होती. बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मीच मशीनवर जायचं, तिनं घरी असावं असं आमचं ठरलेलं, म्हणाला, आणि आता ती माझ्यासाठी दगड फोडून राहिली. कायम झालो की इथं एक खोली बघतो आन तिला आणतो.

मावशीने डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हणालो, इतकं उघड कोण सांगतं? जो सगळं सांगतो तो काहीतरी झाकतो.

माझा हा स्वभाव कुठून आला ते मला ठाऊक आहे. मी पत्रकांवर वाढलो. वडील रेणापूरला मास्तर होते आणि आमच्या घरात देवांपेक्षा पत्रकं जास्त. मोर्च्यांची, संपांची, सभांची, गुलाबी, पिवळी, बदामी. आई त्यांच्यावर डाळ वाळत घालायची. मी मुळाक्षरं त्यांच्यावरच गिरवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं पहिलं वाक्य होतं, बंधूंनो, सावध राहा. वडिलांनी घरात रेडिओ येऊ दिला नाही. गाणं ऐकवणाऱ्याला बदल्यात आपल्याकडून काय हवंय ते आधी विचारावं, असं त्यांचं म्हणणं. नांदेडला कॉलेज केलं तेव्हा खोलीवरचे मित्र सिनेमाची गाणी म्हणायचे आणि मी कोपऱ्यात बसून ती गाणी कोणाच्या फायद्याची आहेत याचा विचार करायचो. मी कंपोझिटर झालो तेही नोकरी म्हणून नव्हे. पत्रकं जिथे जन्मतात तिथे राहायचं होतं.

तर चाचा गात होता. कंधारला उरुसात एका कव्वाली पार्टीत तो मागे बसून टाळ्या द्यायचा, असं कळलं. आता हात मशीनला दिलेले, म्हणून टाळीऐवजी जबडा. खट् झालं की ओळ सुरू, धप्प झालं की ओळ खाली.

“पानी गया पाताल कू, माई, बादल गया परदेस...”

दुसऱ्या दिवशी बाइंडिंगच्या टेबलावरून मावशीने उत्तर दिलं. ती फॉर्मच्या घड्या घालत होती आणि घडीच्या ठोक्यावर तिने एक ओवी टाकली, परदेसी गेलेल्या ढगाला माहेरच्या वाटेने यायला सांगणारी. चाचाने ती उचलली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझी बोटं केसच्या खणांमधून खिळे त्याच चालीवर उचलतायत. मी हात आवरला. दोन ओळी मुद्दाम बेताल जुळवल्या. पण ऐकू येणं थांबवता येत नाही.

सकाळी कामाला यायचं म्हणजे पूर्वी मान खाली घालून यायचो. त्या महिन्यात मी लवकर यायला लागलो. यात काहीतरी गडबड आहे असं मला तेव्हाच वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत चाचा जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून ठसे कोरायचा. चांभाराकडून आणलेली तुटकी रापी, आणि रबर खिळ्यांच्या उंचीला यावं म्हणून खाली लाकडाचा तुकडा आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या. घागर, बैल, बाभळीचं झाड. कात्रणाच्या कागदावर ते उठवायचा आणि मावशीच्या नातीसाठी द्यायचा. एक दिवस त्याने रापी माझ्यापुढे धरली.

“घ्या कामरेड. तुमी नुस्तं लिवता. एकदा खोदून बघा.”

कामरेड हे नाव त्यानेच मला ठेवलं होतं. मी एक टँकर कोरला. दोन दिवस लागले, अंगठा कापला. छापून बघितला तर उलटा निघाला. गावाकडे तोंड करून यायचा तो टँकर गावाकडे पाठ करून उभा. खिळे उलटे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आणि रबर कोरताना मी ते विसरलो. मावशी हसून हसून खोकायला लागली.

चाचा म्हणाला, “अहो बरूबर हाय की. आमच्या गावात टँकर असाच दिसतो. पाठच दिसती.”

मीही हसलो. मग माझं टँकरवरचं पत्रक मी त्याला वाचून दाखवलं. टँकर कोणत्या वस्तीत जातात आणि कोणत्या वस्तीच्या तोंडावरून वळतात, याच्यावर होतं ते. चार पानं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

“दम हाय,” तो म्हणाला. “पण पाय न्हाईत त्याला. चालत न्हाई ते. बसल्या जागी ओरडून राहिलंय.”

मला राग आला. पण त्या रविवारी रेणापूरच्या एसटीत मी खिडकीशी बसून बोटांवर ठोके मोजत होतो आणि त्या चार पानांच्या आठ ओळी करत होतो. सोमवारी चाचाने त्या ट्रेडलवर म्हटल्या. माझे शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायची ती माझी पहिली वेळ. त्याचं वर्णन करत नाही. इतकंच सांगतो की त्या दिवशी मला कोणाचाही संशय आला नाही, दुपारी साडेतीनपर्यंत.

साडेतीनला आप्पा केबिनमधून बाहेर आले. कमरेवर हात ठेवून ट्रेडलसमोर उभे राहिले, गाणं ऐकलं, छापलेल्या गड्डीकडे पाहिलं, हसले आणि आत गेले. पाच मिनिटांत सगळ्यांना चहा आला. आप्पांकडून. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मला सगळं लख्ख दिसलं. अर्थातच. गाण्याने हात भरभर चालतात. त्या जादा कागदांचं आप्पांना सुख, चाचाला कायम होण्याची आशा आणि आम्हाला चहा. आणि मी, मी त्या सापळ्याला ओळी पुरवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला लागलो. चहा ते जेवण, या वेळात किती गड्ड्या निघतात. केसच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारायचो. ज्या दिवशी चाचाचा घसा बसलेला असायचा किंवा उपास असायचा, त्या दिवशी गाणं नाही आणि गड्ड्या तीन. गाण्याच्या दिवशी चार. आठ दिवस रोज मोजलं. मग मी जेवणाच्या सुट्टीत एक पत्रक जुळवलं. मथळा असा: ‘गाणाऱ्या कामगारा, तुझ्या गळ्याचा मालक कोण?’ त्यात सगळं होतं. तीन आणि चार, पायडल, चहा, घामावर साखर पेरून तो गोड कसा करतात. त्या वेळी मला वाटलं होतं की मी याहून चांगलं काही लिहिलेलं नाही.

एकच प्रूफ काढलं. वाचलं, दुरुस्त केलं आणि चुलीत घालायला घरी नेलं, कारण छापील कागद कोणीही वाचू शकतो. गॅली मात्र दोऱ्याने बांधून रॅकखाली सरकवून ठेवली. पुढच्या आठवड्यात छापू म्हणून. शिशाचे खिळे उलटे असतात. ते माझ्याशिवाय तिथे कोण वाचणार?

सोमवारी ट्रेडलच्या खांबाला एक पुठ्ठा लटकवलेला होता. त्यावर आप्पांच्या अक्षरात: चहा ते जेवण, चार गड्ड्या. रोज.

आप्पांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझी गॅली होती, दोरा तसाच बांधलेला.

“मी हैदराबादेत पंधरा वर्षं खिळे जुळवले,” ते म्हणाले. “छापखाना नंतर घेतला. डोळे अजून उलटं वाचतात. चांगलं लिहिता तुम्ही. शुद्धलेखन तर फारच चांगलं.”

त्यांनी गॅलीवरून बोट फिरवलं.

“मला एवढंच माहीत होतं की गाणं चाललं की बरं वाटतं. त्यानं किती फरक पडतो ते तुम्ही काढलंत. चार निघतात म्हणता, तर चार निघू द्या. रोज. महिना संपेस्तोवर एक दिवस जरी तीन निघाल्या तर त्याला कंधारची गाडी दाखवतो.”

बाहेर चाचा पुठ्ठ्याखाली उभा होता. मराठी त्याला वाचता यायचं, हळूहळू, बोट लावून.

“गिनती कुणी केली?” त्याने विचारलं. मावशीला विचारल्यासारखं, पण माझ्याकडे बघून.

“मी,” मी म्हणालो.

“कामून?”

“तुमच्यासाठीच. तुमच्याकडून जास्तीचं काम काढून घेत होते ते. तुम्हाला कळावं म्हणून.”

“माझ्यासाठी.” त्याने मान हलवली. “मग मला सांगितलं न्हाई ते? पहिले मशीनच्या खांबाला सांगितलं, मग मला?”

खरं उत्तर असं होतं की तो आप्पांचा माणूस असेल असं मला वाटत होतं, म्हणून त्याला न सांगता त्याच्याच बाजूने लढायचं मी ठरवलं होतं. हे वाक्य आज लिहितानाही मला नीट उभं करता येत नाही.

पुढचे चार दिवस तो गायला. तीच गाणी, माझ्या आठ ओळीही. चार गड्ड्या निघत होत्या. पण गळा ओढल्यासारखा आणि ठोका पुढे पळणारा. मावशीने उत्तर देणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी जबड्याने त्याच्या डाव्या हाताचं बोट चाटलं, नख काळं पडलं. त्याने बोटाला रॉकेलचं फडकं गुंडाळलं आणि गाणं मधूनच उचललं, ठोका न सोडता.

“अगं बाई, थांब की जरा,” मावशी त्याला दटावून म्हणाली.

“थांबलो की तीन होतात, मावशी.”

त्या दुपारी मी आप्पांकडे गेलो.

“ते आकडे खोटे आहेत,” मी म्हणालो.

आप्पांनी चष्मा काढला. “कोणते?”

“तीन आणि चार. गाण्यानं एवढा फरक पडत नाही. पत्रकाला जोर यावा म्हणून मी वाढवले. या चार गड्ड्या तो बोट घालून काढतोय, गाण्यानं नाही.”

“म्हणजे छापायच्या मजकुरात तुम्ही खोटं घातलं.”

“हो.”

“तुम्ही.”

“हो.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मला वाटतं त्यांना त्या क्षणी माझं लाडकं पत्रक आठवलं असावं, कारण ते जरा हसले. “खोटं तेव्हा लिहिलं का आत्ता बोलताय, ते मला कळेना. उद्या सकाळी मी स्वतः बसतो. घड्याळ लावून. त्याला गायला लावतो, गड्ड्या मोजतो. मग बघू.”

मी हे चाचाला सांगायला हवं होतं. संध्याकाळी तो हात भुशाने पुसत होता, पाणी नव्हतंच, आणि मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सांगितलं नाही. मला अजूनही खात्री नव्हती. आप्पा समोर बसले तर खूश करायला हा पाच गड्ड्या काढेल, आणि आधी कळलं तर सहा, असं मला वाटलं. असा मी होतो.

सकाळी आप्पा स्टूल घेऊन ट्रेडलजवळ बसले. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

“गा,” ते म्हणाले. “आमचे कंपोझिटर म्हणतात, गाण्यानं फरक पडत नाही.”

चाचाने आप्पांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्याने फडकं गुंडाळलेलं बोट एकदा मिटलं, उघडलं, पायडलवर पाय ठेवला आणि पाळणा सुरू केला.

पाळणा. लेकराला निजवायचा. एकेक शब्द लांब, आणि शब्दाशब्दांत पाळण्याचा झोका जाऊन परत येईल इतकी जागा. ट्रेडल त्याच्या पायाखाली झोके घ्यायला लागलं. जबडा उघडायचा आणि जांभई दिल्यासारखा उघडाच राहायचा. दुसऱ्या कडव्याला मावशी आली, त्याच्यापेक्षाही सावकाश. समोरच्या डाळ मिलमधला एक हमाल दारात येऊन टेकला आणि तिथेच डोळे मिटून उभा राहिला.

जेवणाची वेळ झाली तेव्हा तीन गड्ड्याही पुऱ्या नव्हत्या.

“हे कसलं गाणं?” आप्पा म्हणाले.

“पाळणा हाय, आप्पा. आज दुसरं काय गळ्यात येईना.”

“लेकरं मोठी झाली असतील तुझी.”

“हाव, झाली. पण मशीन लहान हाय.”

मावशीने तोंडाला पदर लावला. आप्पा उठले. ते मूर्ख नव्हते, पंधरा वर्षं शिसं हाताळलेला माणूस होता तो, त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी खांबावरचा पुठ्ठा उतरवला आणि काखेत मारला.

“तिघं मिळून मला शिकवता,” ते म्हणाले. “ठीक आहे. तीन गड्ड्या काढायच्या, वर एक नको, खाली एक नको. कायम करतो तुला, नव्या जिल्ह्यात मशीनमन मिळेना मला. पण उद्यापासून मशीनवर गाणं बंद. बिलकुल बंद. एक ओळ नाही.”

चाचाची बायको पुढच्या पंधरवड्यात लातूरला आली. मी तिला एकदाच पाहिलं, त्याचा डबा द्यायला आली होती तेव्हा. तळहात खडीने फाटलेले, आणि छापखान्यात आल्या आल्या तिने विचारलं, इथं एवढं चिडीचूप कामून हाय?

खरंच चिडीचूप होतं. नुसतं खट् आणि धप्प. माझ्या आठ ओळी कुठल्याही कागदावर छापल्या गेल्या नाहीत आणि मला त्या आज पूर्ण आठवतही नाहीत. आप्पा अधूनमधून केबिनच्या काचेतून बघायचे, कोणाचे ओठ हलतायत का म्हणून. आणि मी बघायचो, चाचा आप्पांकडे कधी बघतो ते.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो ठसा कोरत बसला होता. मी शेजारी बसलो. बऱ्याच दिवसांनी.

“एक खरं सांगा,” तो म्हणाला. “तीन होत्या का चार?”

“चार,” मी म्हणालो. “गाण्याच्या दिवशी रोज चार.”

“म्हंजे आप्पाला तुमी झूट बोलला.”

“हाव.”

“माझ्यासाठी.”

“हाव.”

त्याने रापीने रबराची एक बारीक कड काढली आणि फुंकर मारून उडवली.

“मग माझ्याशी कवा बोलणार झूट?”

“कधीच नाही,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, विश्वास ठेवल्यासारखी नाही, ऐकू आल्यासारखी. मग कोरताना खांदा थोडा माझ्याकडे वळवला, इतकाच, की रबरात काय उमटतंय ते मला दिसू नये.